भांडी वाजली का?

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी माझ्या आजोबांनी डावा पाय पहिल्यांदा जमिनीवर टेकवला आणि त्याच क्षणी पाटणात भूकंप झाला.

मोठा नव्हता. तीन पूर्णांक एक. सलाईनची बाटली डोलली, खिडकीची तावदानं खडखडली आणि शेजारच्या कॉटवरच्या दादासोंच्या चहात गोल लाटा उठल्या. चार सेकंदांत सगळं थांबलं. कोयनेच्या खोऱ्यात असे धक्के वर्षभर चालू असतात. इथली माणसं "झाला वाटतं" म्हणतात आणि पुढचा घास घेतात. पण आबा इथले नव्हते. आमचं गाव आटपाडी तालुक्यात. तिथली जमीन तापते, भेगाळते, पण जागची हलत नाही. आबा दर वर्षी या वाटेनं जातात, पण चालत्या माणसाला धक्का कळत नाही; सत्तर वर्षांत त्यांनी हलणारी जमीन पाहिली नव्हती. त्यांनी पाय उचलून कॉटवर घेतला आणि एखाद्या मेंढ्यानं परक्याच्या शाळूच्या पिकात तोंड घातल्यावर त्याच्याकडे बघतात तसं त्या पायाकडे बघितलं.

"ह्ये माझ्याकडनं झालं," ते म्हणाले.

आबांचं नाव आकाराम. दर दिवाळीनंतर आमची मेंढरं कोकणात उतरतात आणि मे महिन्यात परत वर येतात. या वेळी येताना कुंभार्ली घाटात एक मेंढा ट्रकला आडवा गेला, आबा मेंढ्याला आडवे गेले, मेंढा वाचला आणि आबांचं मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. पाटणच्या दवाखान्यात त्यांच्या हाडात रॉड बसवला. मेंढरं रस्त्यावर थांबवून ठेवता येत नाहीत, म्हणून माझे वडील मल्हार कळप घेऊन पुढे गेले. आजीला गाडी लागते. राहिले मी. माझी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा नुकतीच संपली होती, विषय भौतिकशास्त्र. सांगलीत विश्रामबागला हॉस्टेलवर मी निकालाची वाट बघत पडून होते. "सृष्टी तशीबी रिकामीच हाय," असं घरात एकमतानं ठरलं आणि मी पाटणला आले.

तिसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटांनी, आबांना पुन्हा उभं केलं. वॉकर समोर, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला रेश्मा सिस्टर. आबांनी डावा पाय टेकवला.

दोन पूर्णांक नऊ.

दादासोंनी या वेळी चहाचा कप आधीच हातात उचलून धरला होता. ते उंब्रजकडचे ऊसवाले, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, घोट्याला प्लास्टर. धक्का थांबल्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि निकाल दिला. "एकदा झालं तर इत्तफाक म्हनलो असतो. आता पक्कं झालं."

"तरी मी कालच म्हनलो," आबा म्हणाले आणि आडवे झाले. त्यानंतर ते उठेनात.

खरं सांगायचं तर या घटनेत मला रस वाटला. मी वहीत हिशेब मांडला. जाणवण्याइतका धक्का साधारण दहा दिवसांतून एकदा होतो असं धरलं, तर एका ठरावीक मिनिटात तो होण्याची शक्यता चौदा हजार चारशेत एक. लागोपाठ दोनदा होण्याची शक्यता वीस कोटींत एक. धक्के घोळक्यानं येतात, त्यामुळे हे गणित चूक आहे, हे मला माहीत होतं. तरीही तो आकडा मी कोणाला सांगितला नाही आणि दुपारभर आबांच्या पायाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघत राहिले.

संध्याकाळी मी दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला. "आबा, तुमचं वजन बासष्ट किलो. पाय दहा सेंटिमीटरवरून खाली आला. एवढ्यानं जी ऊर्जा निघते, तेवढ्यात तीनचा भूकंप करायचा तर तीन कोटी अठ्ठावीस लाख आबांनी एकदम पाय आपटायला पाहिजे."

आबांनी विचार केला. "म्हंजे त्यातला एक वाटा माझा हाय."

"तसं नाही हो आबा."

"तूच म्हनलीस की. बाकीचं कुठं पाय टाकत्यात त्ये मला काय ठावं."

दादासो म्हणाले, "बराबर हाय. आपन आपली ड्यूटी करावी."

मग आबांनी स्वतःचं कारण सांगितलं. धरणाचे दरवाजे लोखंडाचे, पायातला रॉड लोखंडाचा. लोखंड लोखंडाला ओढतं, म्हणून पाय टेकला की धरण हलतं. रॉड टायटॅनियमचा आहे आणि टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही, हे दाखवायला मी औषधांच्या कपाटावरचं लोहचुंबक आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते घसरून खाली पडलं.

"बघा," मी म्हणाले.

"वरनं कातडं हाय न्हवं," आबा म्हणाले.

चौथ्या दिवशी बातमी दवाखानाभर झाली. खालच्या मजल्यावर एका बाईंचे पित्ताचे खडे काढले होते, त्यांची बहीण वर येऊन विचारून गेली, "आज किती वाजता उठनार हायत? म्हंजे त्या येळंला तिला पानी पाजत न्हाई." वॉर्ड पुसणाऱ्या धोंडुबाई आबांच्या कॉटखालून फडकं फिरवताना हळूच फिरवू लागल्या.

डॉक्टरांना हे पटलं नाही. ते कॉटच्या पायथ्याशी उभे राहून माझ्याशी बोलले. हाड नीट बसलं आहे. पण पेशंट असाच पडून राहिला तर छातीत कफ भरेल, पायात रक्ताची गुठळी होईल, स्नायू गळतील आणि मग हा माणूस पुन्हा चालणार नाही. "शनिवारपर्यंत उभं राहिलंच पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर मी काही सांगू शकत नाही."

तो दिवस गुरुवार होता. आबांनी सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. ते चालले नाहीत तर काय होईल, हे मला डॉक्टरांपेक्षा नीट दिसत होतं. आबा वर्षातले सात महिने चालतात. बसलेले आबा मी फक्त जेवताना आणि एस.टी.त पाहिले होते.

दुपारी रेश्मा सिस्टर टाके बघायला आल्या. ड्रेसिंग झाल्यावर त्या गेल्या नाहीत. स्टूल ओढून कॉटला लागून बसल्या.

"आबा, दुखतंय म्हणून उठत न्हाई का?"

"न्हाई."

"मग कशाचं भ्या वाटतंय? मला सांगा, मी कुनाला सांगत न्हाई."

मी तिथंच होते, दादासोही होते, पण आम्ही मोजण्यात नव्हतो.

आबांनी तोंड भिंतीकडून सिस्टरांकडे वळवलं. मग म्हणाले, "मला माझं काय न्हाई, पोरी. सत्तर झाली. पर वर धरान हाय. दोनदा पाय टाकला, दोनदा हाललं. तिसऱ्यांदा फुटलं तर? पानी खाली कऱ्हाडात जाईल. कऱ्हाडातनं सांगलीत. सांगलीत हिचं हॉस्टेल हाय. आनि खोली तळमजल्याला हाय."

हॉस्टेलला सुट्टी लागली होती आणि मी त्यांच्यासमोर दीड मीटरवर बसले होते. हे दोन्ही मुद्दे मी वहीत लिहिले आणि वही मिटली.

रेश्मा सिस्टर हसल्या नाहीत. दादासोंच्या तोंडून काहीतरी निघणार होतं, पण सिस्टरांनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि सुभेदारांनी वर्तमानपत्र उघडलं.

"बराबर हाय तुमचं," सिस्टर म्हणाल्या. "एवढी जोखीम घेऊन पाय टाकायचा म्हंजे तिकडं कुनीतरी बघत बसलं पायजे."

"तिकडं म्हंजे?"

"कोयनानगरला. माझं घर तिथं कॉलनीत हाय, धरणाच्या खालच्या अंगाला. पानी आलं तर पयलं माझ्या उंबऱ्यात येनार. मग कऱ्हाड. मग हिचं हॉस्टेल. तवा मला तुमच्यापरीस जास्त काळजी, व्हय का न्हाई?"

आबांनी मान हलवली. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"घरात माझी सासू असती. तिला मांडणीफुडं बसवते. तुमी हितं पाय टाका, ती तिथं भांडी बघंल. वाजली, की लगी पाय उचला. न्हाई वाजली, तर फुडचा टाका."

"सासू खरं बोलती का?"

"माझ्याबद्दल तर लय खरं बोलती," रेश्मा सिस्टर म्हणाल्या.

मला विचारावंसं वाटलं की या उपकरणाची संवेदनशीलता किती, ते कोणी तपासून घेतलं आहे का. मी एवढंच विचारलं, "सिस्टर, भांडी कसली आहेत?"

"पितळंची," त्या म्हणाल्या. "माझ्या आज्जेसासूच्या येळची."

शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता प्रयोग सुरू झाला. सिस्टरांनी मोबाइल स्पीकरवर करून कॉटवर ठेवला. त्यांच्या सासूबाईंचं नाव राहीबाई. सिस्टर त्यांना आत्ती म्हणायच्या. आवाज असा होता, की फोन नसता तरी वीस किलोमीटरवरून ऐकू आला असता.

"आत्ती, बसला का मांडणीफुडं?"

"बसले. गॅस बारीक केलाय. लवकर आटपा, आमटी हाय."

आबा उभे राहिले. वॉकर धरला. डावा पाय पुढे आला आणि फरशीपासून दोन बोटांवर थांबला.

"टाकतोय बगा," आबा फोनकडे वाकून म्हणाले.

"टाका की आवं, पावणं."

पाय टेकला. वॉर्डात कोणी हललं नाही. दादासोंनी कप उचलून धरला होता.

"भांडी वाजली का?" आबांनी विचारलं.

पलीकडे पाच-सहा सेकंद शांतता. राहीबाई खरोखर बघत असाव्यात.

"न्हाई."

"नीट बगा."

"डोळं फाडून बघतीया. न्हाई वाजली."

आबांनी श्वास सोडला. उजवा पाय आला. पुन्हा डावा. "वाजली का?" "न्हाई." रेश्मा सिस्टर त्यांच्या कमरेला हात लावून बरोबर सरकत होत्या. "हेच म्हनते मी. काय रुबाबात टाकला पाय. अजून एक फरशी, आबा, मग बसू. आत्ती हाय तिकडं, तुमी नुसतं फुडं बघा." पहिल्या दिवशी दोन फरश्या झाल्या. एक फरशी दोन फुटांची, म्हणजे एकूण एकशे बावीस सेंटिमीटर. मी वहीत तक्ता केला: पाऊल क्रमांक, वेळ, भांडी. तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'नाही'.

शनिवारी डॉक्टर आले तेव्हा आबा उभे होते. कॉटवरचा फोन "न्हाई, न्हाई" असं ओरडत होता. डॉक्टरांनी आबांकडे बघितलं, फोनकडे बघितलं, फाइलवर सही केली आणि ते पुढच्या कॉटकडे गेले.

त्याच दिवशी एक अडचण आली. सतरावं पाऊल हवेत असताना रेंज गेली. आबा एका पायावर वॉकर धरून उभे आणि डावा पाय अधांतरी.

"टाका खाली आबा, दुखेल," मी म्हणाले.

"वरनं हुकूम आल्याबिगार न्हाई."

रेश्मा सिस्टर खिडकीत जाऊन फोन लावत राहिल्या. मध्येच त्यांनी हळूच माझ्याजवळ येऊन सांगितलं, "घाई करू नको. हा व्यायाम त्यांना उद्या द्यायचाच हुता." आबा पाय वर-खाली करत, टेकवता टेकवता थांबत, दोन मिनिटं दहा सेकंद उभे राहिले. रेंज आली तेव्हा राहीबाई पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "आमटी करपली. पर भांडी न्हाई वाजली."

मग रोज असंच चाललं. आबा आणि राहीबाई यांचं गणगोत निघालं नाही, पण बाकी सगळं निघालं. पावलापावलाच्या मधल्या जागेत त्यांना एकमेकांच्या गुडघ्यांची, मेंढरांच्या लोकरीची आणि रेश्मा सिस्टर चहात किती साखर घालतात याची माहिती झाली. "तुमी उंच हायसा का?" एकदा आबांनी विचारलं. "का हो?" "आवाज वरनं येतोय." दादासोंनी कप धरायचं सोडून दिलं आणि ते फरश्या मोजायला लागले; मोजणीत माझ्याशी त्यांचं दोनदा भांडण झालं.

बुधवारी, बेचाळिसाव्या पावलाला, खिडकीचं तावदान किंचित थरथरलं.

मला स्पष्ट जाणवलं. आबाही थबकले.

"भांडी?" ते म्हणाले.

शांतता. "न्हाई," राहीबाई म्हणाल्या.

"ट्रक गेला आसंल," आबा म्हणाले आणि त्रेचाळिसावं टाकलं.

मी मोबाइलवर पाहिलं. दोन पूर्णांक सहा, केंद्र कोयनानगरजवळ. म्हणजे त्या धक्क्यावर राहीबाई जवळजवळ बसल्या होत्या. मी रेश्मा सिस्टरांना जिन्यात गाठलं.

"तुमच्या सासूबाई खोटं बोलल्या."

"आत्ती खोटं बोलत न्हाईत," त्या शांतपणे म्हणाल्या. "भांडी वाजली असती तर तिनं सांगितलं असतं."

"पण वाजायला पाहिजे होती."

"न्हाई वाजली. लिही तक्त्यात." आणि त्या इंजेक्शनचा ट्रे घेऊन वर गेल्या. मी 'नाही' लिहिलं आणि पुढे एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं.

आबा शहाण्णव पावलं चालून दवाखान्यातून बाहेर पडले. जाताना त्यांनी सिस्टरांना विचारलं, "तुझ्या सासूला भेटायचं हाय. किती पावलं हाय तुझं घर, स्टँडपासनं?" सिस्टर म्हणाल्या, "चारशे असतील." "मग चारशे चालाय लागलो, की येतो."

ते नोव्हेंबरात आले. कळप कोकणाकडे निघाला होता. घाट चालायला डॉक्टरांची बंदी होती म्हणून आबांनी मेंढरं माझ्या वडिलांवर सोपवली आणि ते माझ्याबरोबर कऱ्हाडहून एस.टी.त बसले. भेट म्हणून काय न्यायचं, यावर घरात चर्चा झाली होती. आजीनं घोंगडं काढलं. आबांनी ते घेतलं, पण त्यांच्या मनात दुसरंच होतं. कळपाच्या म्होरक्याच्या, म्हणजे घाटात ट्रकला आडव्या गेलेल्या त्याच मेंढ्याच्या, गळ्यातली घंटी त्यांनी सोडली.

"राहीबाईला कुटवर मांडणीफुडं बसवायचं?" ते मला म्हणाले. "ही खिळ्याला लावली की काम झालं. जरा हाललं की वाजती. बाईची आमटी तरी करपायची न्हाई."

कल्पना चांगली होती. निदान भांड्यांपेक्षा चांगली होती. लोंबती वस्तू धक्का लवकर पकडते. पण एस.टी. पाटण सोडून वळणांना लागली तशी पिशवी दर वळणाला वाजायला लागली. कंडक्टर आले, वाकून पिशवीकडे बघितलं.

"आबा, पिशवीत कोन हाय? त्याचं तिकीट काढलंय का?"

आबांनी खिशातून मूठभर लोकर काढून घंटीत कोंबली. आवाज बंद झाला. कंडक्टर म्हणाले, "झोपलं वाटतं," आणि पुढे गेले.

कोयनानगरला उतरल्यावर आबांनी काठी माझ्या हातात दिली आणि मोजायला सांगितलं. रेश्मा सिस्टर घराच्या फाटकात उभ्या होत्या, सुट्टीच्या दिवसाच्या साडीत, त्यामुळे मला एकदम ओळखू आल्या नाहीत. आबांना आल्या. चारशे अकराव्या पावलाला आम्ही ओट्यावर होतो.

राहीबाई बाहेर आल्या. त्या माझ्या खांद्याला लागत होत्या. आबा त्यांच्याकडे बघत राहिले.

"काय झालं, पावणं?"

"न्हाई, आवाज लय मोठा हाय तुमचा."

"धरान जवळ हाय, वरडून बोलाय लागतं," राहीबाई म्हणाल्या. "या, आत या."

चहा झाला, घोंगडं दिलं गेलं. मग आबा म्हणाले, "आता मला ती मांडणी दावा. जिनं मला चालवलं, ती."

रेश्मा सिस्टरांचा कप हातातच राहिला. "असू दे की आबा. सैपाकघरात पसारा हाय."

"पसारा बघाय न्हाई आलो," असं म्हणत आबा उठले आणि सैपाकघराच्या दारात गेले. मी मागे होते. मांडणी समोरच्या भिंतीला होती. पितळेचे डबे, तांबे, परात, पातेल्यांची उतरंड. सगळी लखलखीत घासलेली. आणि प्रत्येकाच्या खाली गोधडीची घडी, प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीचा फास, सुतळी मागच्या खिळ्याला ताणून बांधलेली. दोन तांब्यांच्या मध्ये जुन्या साडीची चिंधी कोंबलेली.

एखादं भांडं वाजवायचं असतं, तर आधी कोणीतरी त्याच्या सुतळीची गाठ सोडायला हवी होती.

"ह्ये बांधलंय कशापायी?" आबांनी विचारलं.

"सदुसष्टच्या मोठ्या भूकंपापासनं," राहीबाई म्हणाल्या. "माझ्या सासूनं बांधली, तवापासनं हायत. ह्या घरात भांडं सुटं ठेवत न्हाईत. पडत्यात."

"मग वाजत न्हाईत?"

"कशी वाजतील? बांधल्यात की," राहीबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच लपवलेलं नव्हतं. त्यांना बघायला सांगितलं होतं, त्यांनी बघितलं होतं, जे दिसलं ते सांगितलं होतं.

माझ्या वहीतल्या प्रश्नचिन्हाचं उत्तर मिळालं होतं. पण मी सिस्टरांकडे बघितलं आणि मला ते नको झालं. त्या दाराला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड उतरलं होतं. चारशे अकरा पावलं एका बांधून ठेवलेल्या मांडणीवर उभी होती. आबांचा विश्वास उडाला, तर हा माणूस इथूनच उचलून न्यावा लागणार होता.

"आबा," त्या म्हणाल्या, "मी सांगनार हुते. म्हनलं, आधी चालाय लागू दे."

 आबांनी पिशवीतून घंटी काढून हातात घेतली. डावा पाय उंबऱ्यावरून उचलून त्यांनी सैपाकघरात टेकवला.

आणि जमीन हलली.

हा चांगला धक्का होता. दिवा झुलला, ओट्यावरचा चमचा सरकत जाऊन खाली पडला, बाहेर कुत्री भुंकायला लागली. पाच सेकंद. त्याची शक्यता किती, हे गणित मी आजतागायत केलेलं नाही.

थांबल्यावर आम्ही तिघी आबांच्या पायाकडे बघत होतो. आबाही बघत होते. मग त्यांनी मान वर केली.

"राहीबाई," ते म्हणाले, "भांडी वाजली का?"

राहीबाईंनी वळून मांडणीकडे बघितलं. नेहमीइतकाच वेळ घेतला.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

आबांनी हातातली घंटी कानाजवळ नेऊन हलवली. लोकर आत गच्च होती. "हीबी न्हाई वाजली."

"न्हाई," राहीबाई म्हणाल्या.

"मग झाला न्हाई," आबा म्हणाले आणि त्यांनी उजवा पाय आत घेतला.

रेश्मा सिस्टर मटकन पाटावर बसल्या. त्या रडत होत्या की हसत होत्या, हे मला नक्की सांगता येणार नाही. दोन्हीची लक्षणं होती. आबा त्यांच्याजवळ गेले. त्यांना वाकता येत नाही, म्हणून उभ्यानंच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, मी काय खुळा हाय व्हय. बेचाळिसाव्या पावलाला ट्रक न्हवता, ते मलाबी कळलं हुतं."

"मग फुडं कसं टाकलंत?"

"तू हसली न्हाईस न्हवं तवा," आबा म्हणाले. "सगळं हसत हुतं. ही तर मला तीन कोटी आबा मोजून दावीत हुती. तू म्हनलीस, बराबर हाय, कुनीतरी बघत बसलं पायजे. आनि एक म्हातारी आमटी करपवून माझ्यासाठनं बघत बसली. आता एवढं झाल्यावर पाय न टाकून कसं चालंल?"

"म्हातारी कुनाला म्हनताय?" राहीबाई म्हणाल्या.

घंटी मांडणीच्या बाजूच्या खिळ्याला लावली. मी आतली लोकर काढायला बोट घातलं, कारण त्याशिवाय ती वाजणार नव्हती.

"राहू दे," आबा म्हणाले.

"आबा, मग तिचा उपयोग काय?"

"भांड्यांचा झाला, त्योच."

राहीबाईंनी घंटीकडे बघितलं, सुतळीचा एक तुकडा आणला आणि खबरदारी म्हणून ती बांधूनही टाकली. मी वही काढून शेवटची ओळ लिहिली: पाऊल चारशे एकतीस, दुपारी एक वाजून वीस मिनिटे, भांडी नाही, घंटी नाही. मोबाइलवर आकडा आला होता. तो मी वहीत घेतला नाही.